बाहेर म्हणजे नेमकं कुठं?

"घरात कोणी विडी-सिगरेट ओढतं का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही. म्हणजे मामंजी ओढतात, पण ते बाहेर," वहिनी म्हणाली.

"बाहेर म्हणजे नेमकं कुठं?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. भाचा तेव्हा तीन वर्षांचा होता. नाकातोंडावर नेब्युलायझरचा मास्क, आणि मशीनच्या घरघरीतूनही त्याच्या छातीतली बारीक शिट्टी ऐकू येत होती. जुलै महिना, गोव्यात आमच्या डिचोलीत धो धो पाऊस, आणि त्या महिन्यातली आमची ती तिसरी खेप. मीच उत्तर दिलं, "बाबा दारापुढच्या बाल्कांवात बसून ओढतात. पाऊस असला की खिडकीत उभे राहून." बोलून झाल्यावर माझं मलाच उमगलं की या दोन्ही जागा घरातच आहेत.

तेव्हापासून हा प्रश्न मी ओळखीच्या खूप घरांत विचारला. सगळीकडे पहिलं उत्तर तेच, "आमच्याकडे घरात कोणी ओढत नाही." आणि खोदून विचारलं की वसरी, बाल्कनी, न्हाणीघर, जिना, स्वयंपाकघराचं मागचं दार अशा जागा निघतात. कोणी खोटं बोलत नसतं. धूर कसा वागतो ते आपल्याला कोणी कधी सांगितलेलंच नसतं. ते इथे जमेल तितकं सोपं करून सांगते.

आधी कायद्याचं थोडं. सार्वजनिक ठिकाणच्या धुराबाबत गोवा तसा लवकर जागा झाला. सार्वजनिक जागी धूम्रपान आणि थुंकणं यांना मनाई करणारा आपला राज्याचा कायदा १९९७ चा आहे. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला नोव्हेंबर २००१ मध्ये, केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा २००३ साली, आणि देशभरासाठीचे धूम्रपानबंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून. आज कदंब बसमध्ये कोणी सिगरेट पेटवली तर चार माणसं वळून बघतील. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखूचं कुठलं ना कुठलं व्यसन असलेले प्रौढ देशात २८.६ टक्के निघाले, गोव्यात ९.७ टक्के. हे आपल्याला भूषणावहच आहे. पण त्याच पाहणीत देशातल्या ३८.७ टक्के प्रौढांनी सांगितलं की घरात दुसऱ्याचा धूर त्यांच्या वाट्याला येतो. आणि ही पाहणी पंधरा वर्षांवरच्या माणसांची. घरात सगळ्यात जास्त वेळ असणारी लहान मुलं त्यात धरलेलीच नाहीत.

कायदा उंबरठ्यापर्यंत येतो. आत येत नाही, आणि पोलिसाने आत यावं असं माझं म्हणणंही नाही. आतलं घरच्यांनीच ठरवायचं.

आता धुराकडे वळू. ओढणारा माणूस तोंडातून सोडतो तो धूर आपल्याला दिसतो, म्हणून तोच खरा धूर असं आपण धरून चालतो. पण एक सिगरेट पाच-सात मिनिटं जळते. त्यात झुरके दहा-बारा, एक झुरका दोनेक सेकंदांचा. म्हणजे प्रत्यक्ष ओढण्याचा वेळ जेमतेम अर्धं मिनिट. बाकी सगळा वेळ ती बोटांत किंवा अ‍ॅशट्रेत नुसती धुमसत असते. ज्यांच्या घरी न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली लाकडं लावतात त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. चांगलं पेटलेलं लाकूड धूर कमी करतं, ओलं, धुमसणारं लाकूड डोळ्यांतून पाणी काढतं. सिगरेटचंही तेच. झुरका घेताना टोक लालबुंद होतं, जळण बऱ्यापैकी पुरं होतं. दोन झुरक्यांच्या मधे उष्णता उतरते, जळण अर्धवट राहतं आणि विषारी पदार्थ जास्त सुटतात. तो धूर ना फिल्टरमधून जातो, ना कुणाच्या फुप्फुसातून. तो थेट खोलीत पसरतो. बंद जागेत साचणाऱ्या तंबाखूच्या धुरातला सुमारे ८५ टक्के हा असा न ओढलेला धूर असतो.

म्हणजे ओढणाऱ्याला निदान फिल्टर तरी मिळतो. शेजारी बसलेल्याला तोही नाही.

या धुरात सात हजारांवर रसायनं सापडली आहेत. त्यातली सत्तरेक कर्करोग करणारी. बेंझीन, फॉर्मल्डिहाइड, आर्सेनिक ही त्यांतली नावं बहुतेकांच्या कानांवरून गेलेली असतील. विडीचं काय, ती तर छोटी, पानाची, असं आमचे बाबा म्हणायचे. विडीत तंबाखू कमी असतो हे खरं, पण तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, विडी विझू नये म्हणून ती पुन्हापुन्हा आणि जोरात ओढावी लागते, आणि टार, निकोटिन, कार्बन मोनॉक्साइड यांच्या हिशेबात ती सिगरेटपेक्षा सौम्य नाही. ई-सिगरेटचा प्रश्न निघायलाच नको, तिची विक्री देशात २०१९ पासून बंद आहे. तरी पर्यटकांकडे बघून कॉलेजातली पोरं "ही नुसती वाफ" म्हणतात म्हणून सांगते, त्या वाफेतही निकोटिन आणि बारीक कण असतात.

खिडकीचं प्रकरण जरा सविस्तर घेते, कारण आमचं घर तिथेच चुकलं.

तंबाखूच्या धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही लहान असतात. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. इतका बारीक कण धुळीसारखा खाली बसत नाही, तो तासन्‌तास हवेत तरंगतो. धुराचा पांढरा लोट विरला की आपल्याला वाटतं, गेला. तो फक्त दिसेनासा होतो. बाबा जेवणानंतर दोन वाजता ओढत आणि मूल चार वाजता त्याच खोलीत झोपून उठे, तेव्हा त्या हवेत दोन वाजताचा धूर असे.

आणि खिडकी म्हणजे काही धुराड्याचं नळकांडं नव्हे. तिच्यातून हवा कुठल्या दिशेने वाहणार ते वारा ठरवतो. खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेच्या भूगोलात शिकलो. गोव्यात ते रोज अंगावर घेतो. दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. आमची ती खिडकी पश्चिमेला. बाबा दुपारी तिच्यात उभे राहून धूर बाहेर सोडत, आणि वारा तो जसाच्या तसा घरात आणून देई. बाल्कांवाचंही तसंच. तिथे बसायला गार वाटतं ते तिथून वारा घरात शिरतो म्हणूनच ना! त्याच वाऱ्याबरोबर धूर सालात, म्हणजे बैठकीच्या खोलीत येतो, तिथून इतर खोल्यांत.

पंखा लावला तर धूर सगळीकडे सारखा वाटला जातो, कमी होत नाही. साधा एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. उदबत्ती किंवा रूम स्प्रे वास झाकतो, धूर असतो तिथेच. हवा शुद्ध करणारं महागडं यंत्र काही कण पकडतं, पण वायू बरेचसे सुटून जातात. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे चार महिने दारं-खिडक्या निम्म्याहून जास्त वेळ मिटलेल्या, आत दोरीवर कपडे वाळत घातलेले. ज्या दिवसांत मुलांच्या छात्या आधीच भरलेल्या असतात, त्याच दिवसांत ओढणारेही पावसामुळे आत येतात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना वाटेल, हे गावातल्या घरांचं. पर्वरी, मडगाव, फोंड्यातल्या इमारतींत डक्टमधून खालच्या मजल्यावरचा धूर वरच्या न्हाणीघरात येतो, दाराखालच्या फटीतून जिन्यातला धूर हॉलमध्ये येतो. तिथे बाल्कनी म्हणजे तर वरच्या घराची खिडकीच.

या धुराने होतं काय? १९८१ साली ताकेशी हिरायामा या जपानी संशोधकाने ९१,५४० स्त्रियांच्या १४ वर्षांच्या नोंदी तपासून निष्कर्ष मांडला. या स्त्रिया स्वतः कधीच ओढत नव्हत्या. पण ज्यांचे नवरे भरपूर ओढणारे, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या बायकांपेक्षा बरंच जास्त निघालं. त्यावर तेव्हा खूप वाद झाला. पुढे देशोदेशीच्या अभ्यासांनी तेच दाखवलं. आज जे मानलं जातं ते असं की, ओढणाऱ्याबरोबर राहणाऱ्या, न ओढणाऱ्या माणसाला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी आणि हृदयविकाराचा २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. दुसऱ्याच्या धुराने जगात दर वर्षी सुमारे १६ लाख माणसं जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. "थोड्याशा धुराने काय होतंय" याला उत्तर एवढंच की इतका धूर चालेल अशी सुरक्षित मर्यादा आजवर सापडलेली नाही. रक्तवाहिन्यांवर त्याचा परिणाम अर्ध्या तासातही मोजता येतो.

मुलांचं आणखी वेगळं. मोठं माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतं, नवजात बाळ चाळीस ते साठ. त्याच खोलीत, त्याच तासात, स्वतःच्या अंगाच्या मानाने बाळ कितीतरी जास्त हवा आत घेतं. त्याच्या श्वासनळ्या अरुंद, जरा सूज आली की शिट्टी वाजायला लागते. दमा उसळणं, न्यूमोनिया, ब्राँकायटिस, सारखा कान फुटणं, तान्ह्या बाळाचा झोपेत अचानक मृत्यू, या सगळ्यांशी घरातल्या धुराचा संबंध सिद्ध झालेला आहे. पोटुशी बाई धुरात राहिली तर बाळ कमी वजनाचं जन्मतं. कान फुटण्याचं ऐकून मी चमकले होते. नाक आणि कान यांना जोडणारी एक नळी असते, धुराने ती सुजते, कानातलं पाणी उतरायला वाट मिळत नाही आणि तिथे पू होतो. आपण मात्र "थंडी बाधली" म्हणून कानात कोमट तेल घालत बसतो.

आणि मूल "बाबा, बाहेर जाऊन ओढा" असं सांगू शकत नाही. उठून दुसऱ्या खोलीतही जाऊ शकत नाही.

गणेश चवथीच्या आधी आम्ही घराला रंग द्यायचं ठरवलं तेव्हाची गोष्ट. बाबांच्या आरामखुर्चीमागच्या भिंतीवरून मी कॅलेंडर काढलं. खाली कॅलेंडरच्या मापाचा पांढरा स्वच्छ चौकोन होता, आणि त्याच्या चारी बाजूंनी भिंत फिकट पिवळी. आम्ही ती भिंत रोज बघत होतो, तरी तो चौकोन दिसेपर्यंत ती पिवळी झालीय हे घरात एकालाही कळलं नव्हतं. ओलं फडकं फिरवलं तर त्यावर चहाच्या रंगाचा चिकट डाग उतरला. तसाच पंख्याच्या पात्यांवर. पडद्याला नाक लावलं तर शिळ्या धुराचा वास.

हा तिसऱ्या फेरीचा धूर. पहिला ओढणाऱ्याचा, दुसरा शेजारच्याचा, तिसरा भिंतीवर, पडद्यात, गादीत, केसांत, शर्टात बसलेला. हा नुसता डाग असता तर रंगाच्या एका हाताखाली गेला असता. पण २०१० साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दाखवलं की, पृष्ठभागावर बसलेलं निकोटिन घरातल्या हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावतं आणि त्यातून कर्करोगकारक नायट्रोसमिन तयार होतात. हे आम्ल घरात कुठून येतं? एक मोठा उगम म्हणजे गॅसची शेगडी. म्हणजे सिगरेट विझल्यावरही त्या भिंतीवर काहीतरी चालूच असतं. आणि रांगणारं मूल जमिनीला, खुर्चीला, पडद्याला हात लावतं आणि तो हात तोंडात घालतं. आजोबा बाहेरून ओढून येतात आणि त्याच शर्टाने नातवाला खांद्यावर घेतात. शेवटच्या झुरक्यानंतर काही मिनिटं तर श्वासातूनही धुराचा अंश येत राहतो.

म्हणून "बाहेर" याचा माझा अर्थ आता असा आहे: घराच्या भिंतीपासून, दारापासून, खिडकीपासून निदान वीसेक फूट लांब, मोकळ्या आभाळाखाली. परत येताना हात-तोंड धुवायचं, शक्य असेल तर वरचा शर्ट बदलायचा, आणि मूल उचलायची घाई करायची नाही. गाडीचं तर नावच नको. काच खाली केली तरी गाडीच्या एवढ्याशा जागेत धुराचं प्रमाण घरापेक्षाही चढतं.

खरी अडचण पुढे येते. हे सांगायचं कोणी? सुनेने सासऱ्याला? बायकोने, ज्याच्या नावावर घर आहे त्या नवऱ्याला? मी स्वतः बाबांना वर्षानुवर्षं "सोडा आता" म्हणत आले आणि दर वेळी ते उठून गेले. माझं चुकलं ते हे, की मी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या. सिगरेट सोडणं ही एका माणसाची लढाई, अवघड, व्यसनाशी आहे, तिला महिने लागतात. घरात धूर नसणं हा सगळ्या घराचा नियम, तो उद्यापासून लागू होऊ शकतो. दुसऱ्यासाठी पहिल्याची वाट बघत बसायचं कारण नाही.

आणि असा नियम पाळणं आपल्या माणसांना नवीन नाही. आमच्या घरात देवघरासमोर कधी कोणी विडी पेटवली नाही. बाबा स्वतः पन्नाशीचे होईपर्यंत आजोबांसमोर ओढत नव्हते. पावलं वाजली की विडी विझवून पाठीमागे धरत. कितीही तलफ आली तरी. हे मी त्या दिवशी त्यांना म्हटलं. "बाबा, आजोबांसमोर तुम्ही कधी ओढली नाही. त्यांचा मान ठेवलात. आता या पोरासमोर नको. तुम्ही सोडा असं मी म्हणत नाही. घरात नको, एवढंच." ते काही बोलले नाहीत. पण उठूनही गेले नाहीत.

दादाने दुसऱ्या दिवशी मागच्या फणसाखाली एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली, थोटकांसाठी वाळू भरलेला पत्र्याचा डबा ठेवला आणि मागच्या दाराच्या खिळ्यावर एक काळी छत्री अडकवली. घरातला अ‍ॅशट्रे वहिनीने उचलला. या छोट्या गोष्टींना फार महत्त्व आहे असं मला अनुभवाने वाटतं. ओढणाऱ्याला नुसतं "इथे नको" म्हटलं तर तो खिडकीतच जातो. "तिथे बसा" म्हणून जागा दिली, पावसाची सोय केली, तर त्याचा मानही राहतो. नियम सगळ्यांना सारखा असावा लागतो, भजनाला आलेल्या मंडळींना, रंग द्यायला आलेल्या कामगारांना, मुंबईहून आलेल्या आतेभावालाही. पाहुण्याला एकदा सूट दिली की घरच्या ओढणाऱ्याला नियम फक्त आपल्यासाठीच आहे असं वाटतं, आणि ते वाटणं बरोबरच असतं.

मोडेल का कधी? मोडतो. आमच्याकडे ऑगस्टमधल्या एका वादळी रात्री मोडला. तेव्हा आरडाओरडा न करता दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचं.

बाबांनी एकदा उलट विचारलं होतं, "आणि तुमची ती डासांची कॉइल? तिचा धूर चालतो?" प्रश्न रास्त होता. २००३ सालच्या एका अभ्यासात एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगरेटींइतके बारीक कण हवेत सोडते असं आढळलं होतं. आम्ही रात्रभर मुलाच्या उशाशी ती लावत होतो! त्या दिवसापासून मच्छरदाणी आली. धूप-उदबत्तीही आता देवापुढे खिडकी उघडून, थोडाच वेळ. बाबांच्या त्या प्रश्नाने घराचं भलं झालं, आणि नियम आपल्या एकट्यावर नाही हे त्यांनाही दिसलं.

बिनधुराच्या घराचा आणखी एक परिणाम संशोधनातून पुन्हापुन्हा दिसला आहे. तिथे ओढणारा माणूस कमी ओढतो, सोडण्याचा प्रयत्न जास्त करतो, आणि त्या घरातली मुलं पुढे ओढायला लागण्याचं प्रमाण कमी राहतं. कारण साधं आहे. तलफ लागली की प्रत्येक वेळी उठून, चप्पल घालून फणसापर्यंत जावं लागतं, आणि निम्म्या वेळा तलफ तेवढ्यात निघून जाते. तलफेची एक लाट काही मिनिटांचीच असते. आमच्या बाबांच्या दिवसाला पंधरा विड्या व्हायच्या, चवथीपर्यंत त्या सात-आठवर आल्या. पुढे त्यांना स्वतःलाच सोडावीशी वाटली तेव्हा दादाने १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन लावून दिला. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी तो मोफत आहे. निकोटिनचं च्युइंगगमही औषधाच्या दुकानात मिळतं, पण हृदयाचा त्रास किंवा दुसरं काही दुखणं असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावं. बाबांची अजून पूर्ण सुटलेली नाही. दिवसाला दोन-तीन होतात.

भाच्याची छाती या पावसाळ्यात एकदाच भरली. ते सगळं घरातला धूर थांबल्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, तो एक वर्षाने मोठाही झालाय.

या चवथीला मामा आले. दुपारी जेवण झाल्यावर गणपतीपुढच्या फळाफुलांच्या माटोळीखालून उठले, सवयीने बाल्कांवात गेले आणि खिशात हात घातला. बाहेर पाऊस लागला होता. बाबा मागून आले, खिळ्यावरची छत्री काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "चला, मीही येतो."